साडूची रेघ

माझ्या साडूचे दात अजून सगळे शाबूत आहेत. माझ्याहून थोडाच लहान असेल, पण हसला की बत्तीशी दिसते, आणि तो उठसूट हसतो. आधी एवढंच माझ्या डोळ्यांत खुपायचं. बाकीचं सगळं गावात बेसबॉल आल्यावर सुरू झालं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमची सासुरवाडी एक, आणि गावही एकच, वारंगा फाट्यापासून सायकलच्या अंतरावर. मी गवंडी. तो रस्त्याच्या ठेकेदाराकडं पट्टे मारायला होता, हायवेच्या मधोमध पांढरे असतात ते. म्हणजे बघा, दोघांचीही हयात रेघा मारण्यात गेली. पण मी रेघ मारायचो घराची. पाया खणायच्या आधी जमिनीवर चुन्याची फक्की टाकून घर आखतात, इथं बैठक, इथं चूल, इथं न्हाणी. नुसती फक्की पडली की घरधनीण त्या आखलेल्या चौकोनात उभी राहून मनातल्या मनात भांडी लावायला लागते. माझ्या रेघेवर माणसं राहतात. त्याच्या रेघेवरून ट्रक जातात. हा फरक मी त्याला कितींदा तरी सांगितला. तो हसतो.

आता नातीबद्दल. थोरल्या लेकाची पोरगी, आमच्याजवळच राहते, गावच्या हायस्कुलात जाते. लहानपणी माझ्या थापीनं मातीच्या भिंती लिंपत बसायची. पुढं शाळेत खेळाचे नवे सर आले. त्यांनी पोरींना बेसबॉल शिकवला. कबड्डी, खो-खो सोडून हा कुठला खेळ काढला म्हणून गावानं आधी नाकं मुरडली. पण आमच्या पोरींचे हात लहानपणापासून बोरं पाडण्यात तयार झालेले. चेंडू असा फेकायच्या की समोरच्याचा तळवा लाल व्हायचा. नातीला टीममध्ये घेतलं. शाळेनं तिला चामड्याचा मोठा पंजा दिला, चेंडू झेलायचा. तो पंजा घेऊन ती पहिली कुणाकडं गेली असेल? धाकल्या आबाकडं. तो पंजा मला दुसऱ्या दिवशी दिसला, तोही खुंटीला टांगलेला.

धाकले आबा म्हणजे साडू. मी आबा, तो धाकले आबा. माझाच शब्द उचलला आणि त्याला दिला. त्याची स्वतःची नातवंडं पुण्यात, फोनवर दिसतात तेवढीच. बायको म्हणते, म्हणून तो हिच्यावर माया करतो. कर की माया. पण त्याला काही बांध पाहिजे का नको? सकाळी सरावाला तो तिला स्कूटीवर सोडतो. मला स्कूटी येत नाही. मी म्हणलं, "चालत जा, पाय मोकळे होतात." ती म्हणली, "आबा, तिथं पळायचंच हाय की मला." आणि बसली त्याच्या मागं. तो जाताना हॉर्न वाजवून गेला. काहून वाजवला हॉर्न? समोर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"तुमच्या पोटात दुखून राहिलं," बायको म्हणली.

"मला काय झालंय दुखायला?"

"ववा खाता का?"

मी तिच्याशी त्या दिवशी बोललो नाही.

मग सामने ठरले. आजूबाजूच्या शाळांच्या पोरी आमच्या गावच्या मैदानावर येणार. सरांना मैदान आखायचं होतं. आतल्या रेघा त्यांना येत होत्या, घोडं अडलं बाहेरच्या रेघेपाशी. ती रेघ काय, ते सांगतो, कारण सगळं भांडण तिच्यावरच झालं. मोठ्या शहरात म्हणे मैदानाला भिंत असते, जाळी असते. आमच्या मैदानाच्या एका अंगाला शाळेची विहीर, दुसऱ्या अंगाला उकडलेली हळद वाळत घातलेली. हळदीचे दिवस होते, आणि त्या मैदानाच्या कडेला गावानं हळद पसरायची ही शाळा बांधायच्या आधीपासूनची रीत. चेंडू विहिरीकडं गेला, हळदीत घुसला तर पोरी काय तिथं उड्या मारतील? म्हणून कडेनं एक रेघ मारायची. फेकलेला चेंडू त्या रेघेपलीकडं गेला की तो मेला. खेळ थांबतो, आणि पळणाऱ्या पोरीला पंच पुढचे बेस, म्हणजे पळत गाठायचे टप्पे, फुकट देतो. रेघेच्या आत आहे तोवर चेंडू जिता. जिता असेल तर जीव खाऊन पळायचं, नाहीतर चेंडू हातात घेऊन कुणी शिवलं की बाद.

सरांनी वर्गात विचारलं, गावात सरळ रेघ मारणारं कोण आहे. माझी नात हात वर करून म्हणली, "आमचे धाकले आबा."

हे मला तिच्याच मैत्रिणीनं सांगितलं. घरातला गवंडी बसून राहिला ओट्यावर, आणि हिला आठवला पट्टेवाला.

मी तसाच उठलो, खुंट्या घेतल्या, दोरी घेतली, फक्कीची पाटी डोक्यावर घेतली आणि मैदानावर गेलो. साडू आधीच हजर. त्यानं लेकरांच्या जुन्या तीनचाकीचं चाक आणि तेलाचा पत्र्याचा डबा जोडून गाडी केली होती. ढकलत गेलं की खालून फक्की पडते. पोरी त्या गाडीभोवती गोळा झालेल्या. "धाकले आबा, मला ढकलू द्या, मला ढकलू द्या!" माझ्या पाटीभोवती एक शेळी उभी होती.

सर बिचारे तरणे. आम्हा दोघांची तोंडं बघून त्यांना काय कळायचं ते कळलं. म्हणाले, "बाबा, असं करू. विहिरीकडची बाजू त्यांची, हळदीकडची तुमची. दोघांच्या रेघा कॅचरच्या मागं मिळवायच्या."

कॅचर म्हणजे दांडक्यानं चेंडू टोलवणाऱ्या पोरीच्या मागं बसून चेंडू झेलणारी. ती बसते त्या जागेला होम म्हणतात. तिथूनच निघायचं आणि सगळे बेस फिरून तिथंच परत यायचं, तेव्हा धाव मिळते.

मी कामाला लागलो. मी आधी जमिनीवर पाणी शिंपडतो, मग दोरी ताणतो, मग मुठीतून फक्की सोडतो. तशी रेघ वाऱ्यानं उडत नाही. पण हळदवाला हळद मागं घ्यायला तयार होईना. म्हणला, "काका, मोडीचा माल न्हाई ह्यो, वसमतच्या बाजारात न्यायचाय. एका कांडीवर पाय पडला तर बघा." मग मला रेघ हळदीच्या कडेकडेनं वळवून न्यावी लागली. साडू त्याची बाजू संपवून, हात झटकत आला.

"दादा, ही रेघ हाय का साप?"

पोरी खिदळल्या. माझी नातही.

"हळदीतून नेली असती तर भाकर तुमच्या घरून घालणार होते का त्याला?" मी म्हणलं.

"तसं न्हाई, वळण लई झोकदार हाय म्हणलं. घाटातला रस्ता आठवला मला."

मी फक्की टाकत राहिलो. त्याची रेघ मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून घेतली होती. खोटं का बोलू, सरळ होती. विहिरीपासून होमच्या मागपर्यंत ताणल्या तारेसारखी. त्यानं ती नुसती चालत चालत, पोरींशी गप्पा मारत मारली होती. मला अजून दोरी लागते. त्या रात्री मला भाकर गोड लागली नाही, ती त्या रेघेमुळं.

पण भांडण झालं ते पुढंच. दोघांच्या रेघा मिळवायची वेळ आली तेव्हा मी माझी रेघ हात दोन हात अलीकडं थांबवली. साडू गाडी ढकलत आला आणि मधली जागा भरायला लागला. मी त्याच्या चाकासमोर पाय ठेवला.

"काहून?" तो म्हणला.

"दाराची जागा हाय ती."

हे माझ्या मनचं नव्हतं. मी धंदा शिकलो कळमनुरीकडच्या एका उस्तादाजवळ. ते सांगायचे, "पहले दरवाजा छोड, दीवार की बाद में सोच." जमिनीवर घर आखताना फक्कीची रेघ चारी बाजूंनी बंद करायची नाही. उगवतीकडं दाराएवढी जागा सोडायची. जित्या माणसांना आत कोंडणारी रेघ गवंड्यानं मारू नये. मी आजपर्यंत एकही रेघ बंद केली नाही, आणि माझ्या कुठल्याच घराला काही झालेलं नाही. आता या रेघेच्या आत तर घरच्या लेकीबाळी पळणार होत्या.

"दादा, हे घर हाय का?" साडू म्हणला. "मैदान हाय. चेंडू जाईल ना फटीतून."

"जाऊ द्या. दारातून गेलेला परत येतो."

नात पुढं आली. "आबा, असं नसतं. रेघ अख्खी लागते."

"तू मला रेघ शिकवतीस?"

ती साडूकडं बघायला लागली. तिनं सरांकडं बघायचं होतं, फारतर देवाकडं. साडूकडं बघायची काय गरज होती? मग तर मी त्या जागेत मांडीच घालून बसलो.

सर आले. त्यांनी डोकं खाजवलं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे बाबा, जागा राहू द्या. आपण तिथं रेघ आहे असं धरून चालू. तिथून चेंडू गेला तर मेला. काय पोरींनो?"

पोरी म्हणल्या, "व्हय सर."

मी म्हणलं, "असं धरून चालणं मला जमत न्हाई. रेघ असंल तर हाय, नसंल तर न्हाई."

सर हसून दुसऱ्या कामाला गेले. साडू पण हसला आणि माझ्या नातीच्या डोक्यावर टपली मारून म्हणला, "चल खेळाडू, तुझ्या आबाला बसू दे दारात." सगळ्या पोरी मला ओलांडून गेल्या.

सामन्याच्या दिवशी मैदान भरलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लावून माणसं वर बसलेली. मी हळदीच्या अंगाला बसलो, माझ्या रेघेजवळ. साडू विहिरीच्या अंगाला, त्याच्या. त्याच्या हातात थर्मास. नात मधे मधे पाणी प्यायला तिकडं जायची. माझ्याजवळ तांब्या होता, फडक्यानं झाकलेला, थंडगार. ती एकदाही आली नाही. पंच हिंगोलीहून येणार होते, त्यांना उशीर झाला. आले ते घाईत, टोपी घातली आणि सामना सुरू केला. सर पोरींना गोळा करण्यात गुंतलेले. त्या घाईत दाराच्या जागेचं पंचाला सांगायचं राहून गेलं. हे सगळं नंतर कळलं.

सामना शेवटाला आला तेव्हा एका धावेनं आम्ही मागं, आणि आणखी एक पोरगी बाद झाली की खेळ खलास. नात दुसऱ्या बेसवर उभी. आमच्या पोरीनं चेंडू टोलवला आणि नात पळाली. तिसरा बेस ओलांडून तशीच होमकडं निघाली. समोरच्या पोरीनं जिवाच्या आकांतानं चेंडू होमकडं फेकला. तो कॅचरच्या पंजाला लागून मागं सटकला आणि घरंगळत घरंगळत, कसं सांगू, बरोब्बर दाराच्या जागेतून बाहेर गेला.

साडू विहिरीकडून ओरडला, "थांब बाई! मेला चेंडू! फुकट हाय आता, थांब!"

मी उठून उभा राहिलो. रेघ नव्हती तिथं. मी स्वतःच मारू दिली नव्हती. "पळ!" मी ओरडलो. "जिता हाय! पळ पोरी!"

ती तिसरा बेस आणि होम यांच्या मधोमध होती. तिनं दोघांचंही ऐकलं. हे मी खात्रीनं सांगतो, कारण तिची मान आधी इकडं वळली, माझ्याकडं. मला तिचे डोळे दिसले. मग मान तिकडं वळली. आणि ती थांबली.

कॅचरनं चेंडू उचलला, चालत आली आणि तिच्या खांद्याला लावला.

"बाद," पंच म्हणाले.

सर धावत गेले. "साहेब, चेंडू बाहेर गेला होता. आधीच ठरलंय आमचं."

"कुणाशी ठरलं? मला रेघ दाखवा."

"रेघ नाही, पण आम्ही धरून..."

"रेघ नाही तर चेंडू जिताच," पंच म्हणाले आणि टोपी काढून घाम पुसला.

शब्द न् शब्द माझा. अख्ख्या गावासमोर, हिंगोलीहून आलेल्या माणसानं माझं म्हणणं बराबर ठरवलं होतं. आम्ही हरलो होतो, पण माझी छाती फुगली. वाटलं, आता ती येईल. म्हणेल, आबा, तुमचं ऐकायला पाहिजे होतं. मी तांब्यावरचं फडकं काढलं.

ती गेली साडूकडं. त्याच्याजवळ ठेवलेला पंजा भिरकावला आणि तिथंच मातीत बसून रडायला लागली. ज्यानं तिला थांबवलं, बुडवलं, त्याच्याकडं! मी तांब्या हातात घेऊन मैदान ओलांडलं. जवळ गेलो तेव्हा तो तिला म्हणत होता, "चुकलं माझं, बाई. लई चुकलं. म्हाताऱ्यानं उगंच बोंब मारली. मार मला."

इतकं सोपं. असं म्हणायला त्याला काही लागलंच नाही, ना आवंढा, ना खोकला. चार माणसांत, सरांसमोर म्हणून मोकळा. आणि तिनं खरंच त्याच्या दंडावर गुद्दा हाणला. "लई शहाणे तुमी!" असं म्हणली आणि रडता रडता हसली.

माझ्याही तोंडात काहीतरी आलं होतं. तिच्या पाठीवरून हात फिरवावा असं मनात होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"म्हणलं नव्हतं का मी, जिता हाय म्हणून?"

तिनं माझ्याकडं बघितलं. हसणं गेलं. "तुमच्या दारामुळं झालं सगळं," असं म्हणली, पंजा उचलला आणि मैत्रिणींकडं गेली. पाणी तसंच राहिलं.

मी आजही म्हणतो, मी बराबर होतो. पंचही म्हणाले. पण साडूच्या त्या दोन शब्दांचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा त्याच्या सरळ रेघेचा नाही वाटला, स्कूटीचाही नाही. सरळ रेघ मी दोरीनं मारू शकतो. ते शब्द कशाला धरून मारायचे, ते मला कुणी शिकवलं नाही. आणि आता या वयात कुणी शिकवलं तरी मी शिकायचो नाही.

घरी बायकोला सगळं आधीच कळलं होतं. बहिणीकडून. ताट वाढताना म्हणली, "भाऊजींनी माफी मागितली म्हणे पोरीची."

"चूक त्यांची होती, मागतील न्हाई तर काय."

"चूक नसताना मागितली तरी काय झिजतंय माणसाचं?"

"मग तू माग, वाढता वाढता."

तिनं आमटी जरा जोरातच वाढली.

त्यानंतर शाळेच्या मैदानावरची सगळी रेघ साडूच मारतो. एका दमात, गाडी ढकलत, सगळीकडून बंद. सर मला म्हणाले, "बाबा, तुम्ही नुसतं बघायला या." साडू तर घरी आला. "दादा, चला, तुमच्या दोरीशिवाय मला करमत न्हाई." मी म्हणलं, "तुमच्या गाडीला माझी दोरी कशाला? बैल का हाय ती?" तो गेला तेव्हा बायको कितीतरी वेळ दारातच उभी होती.

मी महिनाभर सामन्याला गेलो नाही. नात बोलायची, जेवायची, पण खेळाचं काही सांगायची नाही. ओट्यावरून स्कूटीचा आवाज यायचा आणि जायचा. मग एके दिवशी तिनंच विचारलं, "आबा, वसमतला मॅच हाय. टेम्पो चाललाय. येता का?" मी म्हणलं, "बघू." आणि तिच्या आधी टेम्पोत जाऊन बसलो.

वसमतचं मैदान मोठं. रेघ तिथल्याच कुणीतरी मारलेली, बरी होती. साडू एका अंगाला उभा राहिला म्हणून मी दुसऱ्या अंगाला गेलो. आमच्या पोरी चांगल्या खेळत होत्या. नात पहिल्या बेसवरून दुसऱ्याकडं पळाली आणि समोरच्या पोरीनं फेकलेला चेंडू लांब गेला, थेट रेघेजवळ. धूळ उडाली. चेंडू आत आहे का बाहेर, कुणालाच दिसेना.

"थांब बाई, मेला!" साडू ओरडला.

"पळ, जिता हाय!" मी ओरडलो. खरं तर मलाही दिसलं नव्हतं. पण तो थांब म्हणला होता.

यावेळी तिची मान हलली नाही. ना इकडं, ना तिकडं. तिनं नुसतं पंचाच्या हाताकडं बघितलं. चेंडू मेला की पंच हात वर करतो; हात खालीच होता. ती तिसऱ्या बेसकडं निघाली, तिथं पोचली, कपडे झटकले आणि पुढच्या चेंडूसाठी वाकून उभी राहिली. जणू आम्ही दोघं त्या मैदानावर नव्हतोच.

मी साडूकडं बघितलं. त्याचा ओरडायला वर केलेला हात अजून तसाच होता. मग हळूच खाली आला. त्यानं तो खिशात घातला, परत काढला. त्याला कुठं ठेवावा कळेना झालं. त्याचं तोंड मी इतक्या वर्षांत असं बघितलं नव्हतं. आमच्या सासऱ्याच्या मातीलासुद्धा असं नव्हतं झालं.

सामना संपल्यावर तो माझ्या अंगाला आला आणि शेजारी खाली बसला. आजही त्याच्याजवळ थर्मास होता, पण उघडायचं त्याला सुचलं नाही. म्हणला, "दादा, पोरगी ऐकंना आता."

"तुमचं ऐकंना, असं म्हणा," मी म्हणलं.

टेम्पोत नात मैत्रिणींत बसून घसा फाटेपर्यंत गात होती. आम्ही दोघं मागं, फाळक्याजवळ, गुडघे पोटाशी घेऊन. फाट्यावर टेम्पो थांबला तेव्हा मी उतरून भजी आणली आणि कागद मधे ठेवला. त्यानं चार खाल्ली. मी सहा खाल्ली. फार दिवसांनी मला अन्न गोड लागलं.